सूत्राचा अंमल कोठवर?

एकसमान मंदनाची गणिते अभ्यासक्रमातून काढून टाकावीत, निदान परीक्षेत त्यांना आज जे मानाचे पान मिळते ते तरी बंद करावे, असे मत अलीकडे पुष्कळ सुशिक्षित मंडळी बोलून दाखवितात. परंतु होसकोट्यातील माझ्या परिचयाच्या एका अभियंता गृहस्थांनी ते जितक्या मुद्देसूदपणे आणि जितक्या आवेशाने मांडले तितके मी दुसऱ्या कोणाकडून ऐकले नव्हते, आणि पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत बळकट रूपात उभा केल्यावाचून त्याचे खंडन करण्यात काही पुरुषार्थ नाही, या जुन्या शिरस्त्यास अनुसरून मी त्यांचीच फिर्याद येथे विचारासाठी घेणार आहे. होसकोटे हे बेंगळुरूच्या पूर्वेस पंचवीस-तीस किलोमीटरांवरचे तालुक्याचे गाव. जुना मद्रास रस्ता त्याला लागून जातो, शहराला दुरून वळसा घालणारा नवा वर्तुळमार्ग तेथे येऊन मिळतो, चेन्नईकडे निघणाऱ्या द्रुतगती महामार्गाचे तोंडही तेथेच, आणि जड मालमोटारी बांधणारा व्होल्वोचा कारखानाही १९९८ पासून तेथेच. तेव्हा वाहन कसे थांबते या विषयावर मत बनविण्यास याहून सोयीची ठिकाणे भारतात फार नसतील, हे मी आनंदाने मान्य करतो.

त्यांची फिर्याद तीन कलमांची आहे. पहिले कलम असत्याचे : पुस्तकातली गाडी ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंत एकाच मापाने मंद होत जाते, आणि अशी गाडी पृथ्वीच्या पाठीवर कोणी पाहिलेली नाही, चालकाचा पाय आधी बिचकतो, मग दाबतो, ब्रेक तापतात, रस्ता मध्येच ओला लागतो, लादलेला माल पुढे सरकतो, आणि या सगळ्या गोंधळावर एकच अक्षर लिहून त्याला स्थिरांक म्हणणे ही विद्यार्थ्याची शुद्ध फसवणूक होय. दुसरे कलम यांत्रिकतेचे : पाच राशी, तीन सूत्रे, तीन राशी दिलेल्या, उरलेल्या दोन काढावयाच्या, यात बुद्धीला काम काय, हे तर कारकुनाने रकाने भरण्यासारखे आहे. तिसरे कलम निरुपयोगाचे : चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली, थांबण्याचा हिशेब आता गाडीच करते, ज्याला हौस असेल त्याने संगणकावर क्षणाक्षणाला बदलणारे मंदन घालून खऱ्याखुऱ्या मालमोटारीची प्रतिकृती चालवून पाहावी, तीन-चारशे वर्षांपूर्वीची सूत्रे घोकण्यात मुलांची उमेदीची वर्षे का दवडावीत?

दुसऱ्या कलमातील अर्धी गोष्ट मी आरंभीच मंजूर करून टाकतो. ही गणिते आज ज्या रीतीने शिकविली जातात ती रीत निंद्य आहे. महाराष्ट्रातील मूल नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात या विषयाला पहिल्यांदा भेटते आणि त्याच वर्षी त्याला सांगितले जाते की, काय दिले आहे ते लिही, काय काढावयाचे ते लिही, सूत्र लिही, किंमती घाल. पुढे शिकवणीवर्गात तर हे चार टप्पेही वेळखाऊ ठरतात आणि नजरेने उत्तर हेरण्याच्या युक्त्या सुरू होतात. परंतु एखादा विषय वाईट रीतीने शिकविला जातो एवढ्यावरून तो विषयच टाकाऊ ठरवावयाचा असेल, तर आपल्या शाळांतून कोणता विषय शिल्लक राहील याची यादी करून पाहावी. व्याकरण तर पहिल्या दिवशीच हद्दपार होईल. माझे म्हणणे असे की, ज्या मंदनाच्या गणिताला आमचे प्रतिपक्षी रकाने भरणे म्हणतात, तेच शालेय भौतिकशास्त्रातील असे पहिले ठिकाण आहे जेथे विद्यार्थ्याला सूत्राचा अंमल कोणत्या क्षणी संपतो हे स्वतः ठरवावे लागते. त्याकडे मी पुढे येईन. पहिल्या कलमाचा निकाल आधी लागला पाहिजे, कारण गणितच खोटे असेल तर त्याच्या हद्दीची चर्चा व्यर्थ आहे.

एकसमान मंदन ही पुस्तककर्त्याची लहर नव्हे. कोरड्या घर्षणाविषयी आमोंतोंने १६९९ साली आणि कूलाँबने १७८५ साली जे नियम मांडले, त्यांचा गाभा असा की सरकत्या पृष्ठांमधील घर्षण त्यांच्यावरील दाबाच्या प्रमाणात असते आणि वेगावर ते फारसे अवलंबून नसते. आता सपाट रस्त्यावर वाहनाचा दाब म्हणजे त्याचे वजन, वजन वाटेत बदलत नाही, तेव्हा घर्षण स्थिर, बल स्थिर, आणि म्हणून मंदनही स्थिर. हा तर्क कोणाला कोरडा वाटत असेल तर त्याने आकडे पाहावेत. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या भौतिकशास्त्रात एका मोटारीची प्रत्यक्ष मोजलेली थांबण्याची अंतरे दिलेली आहेत : सेकंदाला ११, १५, २० आणि २५ मीटर या वेगांना अनुक्रमे १०, २०, ३४ आणि ५० मीटर. देशभरातील लक्षावधी मुलांच्या दप्तरात हे चार आकडे पडून आहेत. वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागले तर मंदन मिळते. चारही वेळा भागून पाहिले की ६.०५, ५.६, ५.९ आणि ६.२५ अशा संख्या येतात. वेग सव्वादोन पटींनी वाढला, थांबण्याचे अंतर पाच पटींनी वाढले, आणि मंदन मात्र सहाच्या आसपासच घुटमळत राहिले. हे असत्य असेल तर सत्य म्हणावयाचे कशाला? जी गाडी कोणी पाहिलेली नाही असे आमचे प्रतिपक्षी म्हणतात ती गाडी पुस्तकातच उभी आहे. फक्त ते पान उलटताना कोणी भागाकार करीत नाही.

ही तक्रार नवीनही नाही. गॅलिलिओचा 'दोन नव्या शास्त्रां'वरील ग्रंथ १६३८ साली हॉलंडात लायडेन येथे छापून निघाला. एकसमान त्वरणाचे आणि पर्यायाने मंदनाचे सारे गणित त्यात आहे, आणि हवेचा अडथळा आपण जाणूनबुजून बाजूस ठेवीत आहोत हेही त्याने त्यात उघड सांगितले आहे. त्याच वर्षी डेकार्तने मर्सेनला लिहिलेल्या पत्रात त्यावर जो आक्षेप घेतला त्याचा आशय असा की, या माणसाने निसर्गाच्या मूळ कारणांचा विचार न करता काही सुट्या परिणामांची कारणे शोधली, म्हणजे पायाविनाच इमारत उभारली. डेकार्त हा थोर गणिती होता, तरीही मूळ कारणांपासून सारे काही काढावयाच्या त्याच्या हट्टातून निघालेले आघाताचे नियम बहुतांशी चुकीचे ठरले, आणि पायाविना म्हणून हिणविलेल्या गॅलिलिओच्या गणितावर न्यूटनने इमारत चढविली. सर्व गुंतागुंत एकदम पदरात घेऊ म्हणणाऱ्याच्या पदरात बहुधा काहीच पडत नाही.

परंतु समजा, मंदन खरोखरीच विषम आहे. खंडाळ्याच्या उतारावर ब्रेक तापून निकामी होत चाललेल्या मालमोटारीचे असते तसे. म्हणून एकसमान मंदनाचे गणित निरुपयोगी होते काय? मुळीच नाही, उलट तेव्हाच त्याची खरी किंमत कळते. आरंभीच्या वेगाच्या वर्गाला थांबण्याच्या अंतराच्या दुपटीने भागून जी संख्या येते ती त्या अंतरावरील सरासरी मंदन होय, आणि हे विधान मंदन कसेही वेडेवाकडे असले तरी बिनशर्त खरे आहे. वेगाला काळाने भागून येते ती काळावरील सरासरी. मंदन एकसमान असेल तर या दोन सरासऱ्या एकच. त्या जुळल्या नाहीत तर मंदन एकसमान नव्हते हे तर कळतेच, पण कोणत्या बाजूने विषम होते याचाही सुगावा लागतो : गाडीने एकसमान मंदनाच्या हिशेबापेक्षा जास्त अंतर घेतले असेल तर ती आरंभी हलकेच आणि पुढे जोराने मंदावली असली पाहिजे, कारण वेगात तिने जास्त काळ घालविला. सरळ पट्टी जवळ असल्याशिवाय काठीचा बाक मोजता येत नाही.

याचे एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चे विक्रम हे अवतरक यान चंद्रावर उतरले. त्याच्या उतरणीचा पहिला आणि सर्वांत लांब टप्पा ब्रेक लावण्याचा होता. इस्रोने प्रसिद्ध केलेल्या आखणीप्रमाणे या टप्प्यात आडवा वेग सेकंदाला १६८० मीटरांवरून ३५८ मीटरांवर आणावयाचा होता, त्यासाठी ६९० सेकंद लागावयाचे होते आणि त्या अवधीत यान सुमारे ७१३ किलोमीटर पुढे जावयाचे होते. आता नववीच्या मुलाला सांगावे की मंदन एकसमान धर आणि अंतर काढ. तो दोन्ही वेगांची सरासरी घेईल, ती १०१९ येईल; तिला ६९० ने गुणील; उत्तर ७०३ किलोमीटर. बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी संगणकांवर केलेल्या आखणीत आणि या पोराच्या पाटीवरच्या गुणाकारात दहा किलोमीटरांचा, म्हणजे शेकडा दीडाचा फरक. तो फरकही मुका नाही. प्रत्यक्ष आखलेले अंतर जास्त आहे, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे मंदन आरंभी सौम्य आणि शेवटी तीव्र असले पाहिजे. आणि इंजिन इंधन जाळीत जाते तसतसे यान हलके होते, तोच रेटा त्याला अधिक जोराने आवरतो, हे ध्यानात घेतले की तसेच असावयास हवे. ज्याला आमचे प्रतिपक्षी असत्य म्हणतात त्या गृहीताने असे सत्य हाती दिले.

आणि निसर्गाने एकसमान मंदन दिले नाही तेथे माणसाने ते मुद्दाम निर्माण केले आहे, ही गोष्ट एका अभियंत्याच्या तोंडून निसटावी याचे मला नवल वाटते. संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या लेथच्या पाट्यास किंवा उद्वाहकाच्या पाळण्यास पुष्कळदा जी वेगरेषा आखून देतात ती समलंब चौकोनाची असते : काही काळ एकसमान त्वरण, मग स्थिर वेग, आणि शेवटी एकसमान मंदन. मोठ्या दुर्बिणी एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्याकडे वळविताना याच जातीच्या आखणीचा आश्रय घ्यावा लागतो. होसकोट्यातच भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे क्रेस्ट हे केंद्र आहे. लडाखातील हान्ले येथील दोन मीटर व्यासाची हिमालयीन चंद्र दुर्बीण तेथून उपग्रहाच्या मार्गे चालविली जाते, आणि आदित्य-एल१ यानावरचा सूर्याच्या किरीटाचे निरीक्षण करणारा मुख्य उपकरणसंच तेथेच सिद्ध झाला. गावातील मुलांना या गणिताचा काय उपयोग, हा प्रश्न त्या कुंपणाशी उभे राहून विचारणे जरा धाडसाचेच आहे.

आता यांत्रिकतेचे कलम, ज्याचा अर्धा भाग मी मंजूर केला आणि अर्धा राखून ठेवला होता. एक मालमोटार सेकंदाला २० मीटर वेगाने, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरने, चालली आहे. चालकाने ब्रेक लावला आणि दर सेकंदाला तिचा वेग ५ मीटरने कमी होऊ लागला. तर ब्रेक लावल्यापासून ६ सेकंदांत ती किती अंतर जाईल? सूत्र प्रसिद्ध आहे. वीस गुणिले सहा म्हणजे १२०. त्यातून पाचाचा अर्धा गुणिले छत्तीस म्हणजे ९० वजा. उत्तर ३० मीटर. रकाना भरला, खाली रेघ मारली. पण हे उत्तर चूक आहे. सेकंदाला पाचाच्या हिशेबाने विसाचा वेग चार सेकंदांतच संपला, त्या चार सेकंदांत गाडी ४० मीटर गेली आणि उरलेले दोन सेकंद ती रस्त्यात स्वस्थ उभी आहे. खरे उत्तर चाळीस. सूत्राने तिला दहा मीटर मागे आणले. आठ सेकंदांसाठी विचाराल तर ते उत्तर शून्य देते, म्हणजे गाडी ब्रेक लावला त्या जागी परत आली. दहा सेकंदांसाठी विचाराल तर ती त्या जागेच्याही ५० मीटर मागे गेलेली आढळते. ब्रेक दाबून धरल्याने मालमोटार उलटी होसकोट्याहून बेंगळुरूकडे धावू लागली, असा देखावा जुन्या मद्रास रस्त्यावर अद्याप कोणी पाहिलेला नाही.

येथे सूत्र चुकले काय? नाही. सूत्राने आपले काम चोख केले; चूक त्याला अंमल नसलेल्या मुलखात वसुलीला धाडणाऱ्याची आहे. आपल्या न्यायशास्त्रात लक्षणाच्या दोषांत अतिव्याप्ती म्हणून जो दोष सांगितला आहे, तो याहून स्वच्छ रूपात मला कोठे दिसलेला नाही. ब्रेक म्हणजे घर्षण, आणि घर्षणाला स्वतःची अशी दिशा नसते. गती ज्या बाजूला असेल तिच्या विरुद्ध बाजूला ते उभे राहते, आणि गती संपताच त्या विरोधाचेही कारण संपते. हे सूत्रात कोठेही लिहिलेले नाही. सूत्राला ५ हा आकडा दिसतो, त्याच्यापुढील वजाचे चिन्ह दिसते. ते बल कोणत्या जातीचे, ते कोठवर टिकेल, हे त्याला ठाऊक नसते आणि असणे शक्यही नाही. तीच रास, तेच चिन्ह, पण सरळ वर फेकलेल्या चेंडूचा विचार करा : तेथेही आरंभीचा वेग २० आणि मंदन, गुरुत्वाकर्षणाचे म्हणून, सुमारे १०, तेथे चेंडू वर जाऊन क्षणभर थांबतो आणि खरोखरीच मागे येतो, कारण गुरुत्वाकर्षण त्याच्या थांबण्याची दखल घेत नाही. चेंडू पंधरा मीटर उंचीवर केव्हा असेल असे विचारले तर वर्गसमीकरण एक सेकंद आणि तीन सेकंद अशी दोन उत्तरे देते आणि दोन्ही खरी असतात, एक जातानाचे, एक येतानाचे. मालमोटार तीस मीटरांवर केव्हा असेल असे विचारले तर तेच समीकरण दोन सेकंद आणि सहा सेकंद अशी दोन उत्तरे देते, आणि त्यांपैकी दुसरे नामंजूर करावे लागते. एकच समीकरण, दोन मुळे, एके ठिकाणी दोन्ही कबूल आणि दुसऱ्या ठिकाणी एकच. निवाडा बीजगणिताच्या हाती नाही, तो विद्यार्थ्याच्या हाती आहे. तिसराही प्रकार आहे. खरबरीत उतरणीवर खालून वर ढकललेला ठोकळा चढताना घर्षण आणि गुरुत्व दोघांकडून ओढला जातो, वर थांबतो, आणि उतार पुरेसा उभा असेल तर खाली येऊ लागतो, पण येताना घर्षण दिशा बदलून उलट बाजूला झालेले असते. म्हणजे येथे अंमल संपत नाही, परंतु थांबण्याच्या क्षणी नवी सनद करून घ्यावी लागते. ज्या विद्यार्थ्याने हे तिन्ही प्रकार समोरासमोर मांडून पाहिले त्याने रकाने भरले, असे म्हणणाऱ्याने कधी रकाने तरी भरले आहेत काय अशी शंका येते.

एक गोष्ट येथे विशेष सांगितली पाहिजे. उणे पन्नास मीटर हे उत्तर मूर्खालाही खटकेल. खरा घात तीस मीटर या उत्तरात आहे, कारण ते दिसावयास अगदी शहाणे आहे, त्याला योग्य एकक आहे, ते धन आहे, आणि रस्त्यावर अशी गाडी कल्पिता येते. चुकीचे उत्तर जेव्हा सभ्य पोशाखात येते तेव्हा त्याला अडविण्यास सूत्राखेरीज दुसरे काही तरी जवळ असावे लागते. वेग-काळाचा आलेख हा त्यावर उत्तम उपाय. उतरती रेघ काळाच्या अक्षाला चार सेकंदांवर छेदते तेथे बोट ठेवले की खालच्या त्रिकोणाचा मोह आपोआप सुटतो. हा आलेख शिक्षक काढीत नाहीत, काढला तर घाईने काढतात, ही तक्रार प्रतिपक्षाने केली असती तर मी त्यांच्या अर्जावर सही केली असती.

राहिले निरुपयोगाचे कलम. एबीएस यंत्रणेचे नाव ज्या थाटात घेतले गेले त्याने मी काही काळ दबलो होतो, पण ती करते काय हे पाहिले की दडपण उतरते. चाक अडकून घसरू लागले की रस्त्याची पकड घटते आणि सुकाणू ऐकेनासे होते. ही यंत्रणा चाकाला सेकंदात अनेक वेळा सोडून-धरून पकड तिच्या कमाल मर्यादेजवळ ठेवते. कमाल मर्यादेजवळ टिकवलेली पकड म्हणजे जवळजवळ स्थिर बल, आणि स्थिर बल म्हणजे स्थिर मंदन. म्हणजे ज्या यंत्राने पुस्तकातले गणित कालबाह्य केले असे सांगितले जाते, त्याने ते पूर्वीपेक्षा अधिक खरे केले आहे! शिवाय पकड ही रस्ता आणि टायर यांच्यातली बाब. ती यंत्रणेच्या खिशातून येत नाही.

आणि थांबण्याचा हिशेब गाडीने केला तरी रस्त्याचा हिशेब कोणी करावा? वळणावर किती पुढचे दिसले पाहिजे, चढाचा माथा किती बसका असावा, हे बांधणाऱ्याला आधीच ठरवावे लागते, आणि ते ठरविण्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसने १९७६ साली जो दंडक घालून दिला तो अक्षरशः हेच शाळेतले गणित आहे : अडीच सेकंद चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत, तोवर गाडी पूर्ण वेगाने चालू, त्यापुढे एकसमान मंदन, ताशी १०० किलोमीटरला घर्षणांक ०.३५ धरून. पहिल्या भागाचे ६९ मीटर, दुसऱ्याचे ११२, मिळून १८१-१८२. दंडकात १८० छापलेले आहेत. चांगली मोटार कोरड्या रस्त्यावर याच्या दुपटीने मंदावू शकते हे रस्ता बांधणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पाऊस, झिजलेले टायर आणि जुनी वाहने ध्यानात घेऊन त्यांनी हा स्थिरांक मुद्दाम खाली धरला.

होसकोट्याहून निघणाऱ्या द्रुतगती महामार्गाचा कर्नाटकातील भाग २०२४ च्या अखेरीस वाहतुकीला खुला झाला, आणि तो ताशी १२० च्या वेगासाठी आखलेला आहे. शंभर आणि एकशेवीस यांत फरक तो किती, असे त्या रस्त्यावर जाणारा प्रत्येक जण म्हणतो. तेव्हा वरच्याच दंडकाने हिशेब करू. शेजारशेजारच्या पट्ट्यांतून दोन मोटारी चालल्या आहेत, एक शंभरने, दुसरी एकशेवीसने. पुढे उभी मालमोटार दिसते, दोघांना एकाच क्षणी दिसते, दोघांना अडीच सेकंद लागतात, दोघांचे ब्रेक सारखे. पहिली मालमोटारीला जेमतेम स्पर्श न करता थांबते. त्याच जागी दुसरीचा वेग किती असेल? बहुतेक लोक वीस म्हणतात, धीट लोक तीस म्हणतात. उत्तर आहे ताशी ७५. भान येण्याचा अवधी अजिबात धरला नाही, दोघांनी एकाच रेषेवर ब्रेक लावले असे मानले, तरीही ६६. कारण एकशेवीसच्या वर्गातून शंभरचा वर्ग वजा करून वर्गमूळ घ्यावयाचे आहे. आणि आता प्रतिपक्षाने नीट लक्ष द्यावे : या सहासष्टमध्ये मंदनाचा आकडा कोठेही येत नाही. ब्रेक उत्तम असोत की सुमार, मंदन एकसमान असो की जागोजागी बदलणारे असो, दोन्ही गाड्यांना त्या त्या जागी ते सारखे मिळाले की झाले. असत्य म्हणून हिणविलेल्या सूत्रातून असत्याचा संशय असलेली राशीच निघून गेली आणि निष्कर्ष तेवढा उरला. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये द्रुतगती मार्गांवर मोटारींची मर्यादा ताशी १२० पर्यंत वाढविली आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती अधिसूचना रद्द ठरविली. त्या प्रकरणाच्या पुढच्या कायदेशीर वाटचालीत मी शिरत नाही, परंतु त्यावर वृत्तपत्रांतून जो वाद झाला त्यात हे एक वर्गमूळ काढलेले माझ्या तरी वाचनात आले नाही.

शेवटी संगणकावरील प्रतिकृतीचा पर्याय. यंत्रावर सोपविले की विचार टळतो, हा समज चंद्रयान-२ च्या वेळीच खोटा ठरला. संसदेत नोव्हेंबर २०१९ मध्ये दिलेल्या सरकारी उत्तराप्रमाणे त्या यानाच्या उतरणीचा पहिला टप्पा आखणीबरहुकूम पार पडून वेग सेकंदाला १६८३ वरून १४६ मीटरांवर आला होता. पुढच्या टप्प्यात वेग आखलेल्यापेक्षा अधिक घटला आणि त्यानंतरच्या टप्प्याची सुरुवात आखलेल्या मर्यादांबाहेर पडली. ब्रेक कमी पडल्याने नव्हे, अधिक लागल्याने ते यान गेले. आणि यंत्राने ज्या मर्यादांत वागावयाचे त्या मर्यादा आधी माणसानेच लिहिलेल्या असतात. आमच्या प्रतिपक्षाच्या प्रतिकृतीत काय होते? काळाचे बारीक तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकड्यात वेगातून मंदनाचा वाटा वजा करावयाचा, उरलेल्या वेगाने गाडी पुढे सरकवावयाची. रीत निर्दोष आहे, आणि मंदन क्षणोक्षणी बदलते घेतले तरी ती चालते. परंतु वेग शून्यावर आल्यानंतरच्या पहिल्याच तुकड्यात संगणक पुन्हा एकदा वजाबाकी करतो, वेग उणे होतो, आणि पडद्यावरची ती अद्ययावत, तापलेल्या ब्रेकांची, सरकत्या मालाची, सर्व वास्तव गुंतागुंतीने नटलेली मालमोटार पुस्तकातल्या गाडीइतक्याच निर्लज्जपणे मागे धावू लागते. ती तशी धावू नये म्हणून कोणी तरी एक ओळ लिहावी लागते, की वेग शून्याखाली गेला तर तो शून्यच धर आणि थांब. प्रतिपक्षाच्या प्रतिकृतीतील गाडी मागे धावत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. ती ओळ लिहिणारा इसम कोणत्या इयत्तेत काय शिकला होता, एवढेच त्यांनी चौकशी करून मला कळवावे.